चिमणाळं

पोळ्या लाटताना लेकरू पायात घुटमळायला लागलं की त्याच्या हातात कणकेचा गोळा द्यायचा, ही रीत मला कुणी मुद्दाम शिकवली नाही. आईनं मला दिला, मी माझ्या लेकाला दिला, आणि आता घाटकोपरला, पंतनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत, तोच गोळा मी नातीच्या हातात देते. गोळ्याचं एक टोक चिमटीत धरून ओढलं की चोच झाली. दुसरं टोक अंगठ्यानं चपटं केलं की शेपटी. दोन मोहऱ्या टोचल्या की डोळे. तव्याच्या कडेला ठेवली की चिमणी खरपूस भाजून निघते. आमची ओवी तीन वर्षांची असल्यापासून असल्या चिमण्या भाजून खातेय. आधी शेपटी खायची, डोकं शेवटी, हा तिचा नियम.

मी खटाव तालुक्यातली. मायणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आमचं गाव. गावात मी अंगणवाडी सेविका होते. सेवेतून मोकळी झाले, सून नोकरीला जाते, म्हणून लेकानं मला इकडं आणलं. मुंबईत मला काय येत होतं? लोकलमध्ये चढता येत नव्हतं, मॉलचा सरकता जिना अजूनही अंगावर येतो. येत होतं ते एवढंच, चार-पाच वर्षांच्या पोराचे हात कामाला लावणं. ते मी इकडंही सुरू केलं.

अंगणवाडीत सामानाला पैसा नसायचा. जे गावात पडलेलं असेल त्यातनंच करायचं. जोंधळ्याचं ताट घ्यायचं, वरची साल सोलायची, आत पांढराशुभ्र भेंड. भेंडाचं बोटभर पेर म्हणजे पाखराचं अंग. सालीच्या बारीक चोया टोचल्या की पाय, पंख, तुरा, काय पाहिजे ते. चोयीनं बोट कापतं, म्हणून साल मी सोलायची आणि टोचायचं काम पोरांचं. जोंधळा नसला तर लग्नपत्रिका. गावात पत्रिकांना तोटा नाही. पत्रिकेवर वाटी पालथी घालून गोल आखायचा, कापायचा, मधोमध दुमडायचा. झालं पाखराचं अंग, जमिनीवर ठेवलं की डुलतंय. दुमडीच्या खाली बोटभर चीर द्यायची, पातळ कागदाची पंख्यासारखी घडी घालून त्या चिरेतनं आरपार ओवायची, दोन्ही बाजूंनी उलगडली की पंख. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. आपण घालायचा नाही, पोरं बोटं चाटतात.

आणि एक गोष्ट मी कधी मोडली नाही. पोराचा हात धरून पाखरू करायचं नाही. चोच पाठीवर लावली तर लावू दे. आपण केलेलं सरळ पाखरू पोरं दुसऱ्या दिवशी विसरतात. स्वतःचं वाकडं मात्र उशाशी घेऊन झोपतात.

2024 च्या एप्रिलात लेक-सून ओवीला ऐरोलीला खाडीत होडीतनं फ्लेमिंगो दाखवायला घेऊन गेले. मीही गेले. पुस्तकात त्यांना रोहित म्हणतात, कुणी अग्निपंख म्हणतात. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात हजारोंनी येतात आणि पावसाच्या तोंडाला निघून जातात. ओवी होडीत उभी राहून ओरडली, "आजी, गुलाबी बघ!" मी म्हणाले, "मी ह्यांना वळखते. हे आमच्या मायणीला यायचे."

खोटं नव्हतं ते. मायणीचा तलाव, येरळवाडीचं धरण, तिथं हे पाखरू यायचं. आमची आजी त्यांना 'मायणीचं पाव्हणं' म्हणायची. पाऊस चांगला झाला असला, पाणी पसरट, गुडघाभर राहिलं, की पाव्हणं यायचं. दुष्काळ पडला की तलावाची भेगाळलेली माती तेवढी उरायची. तो सगळा भाग आता पक्ष्यांसाठी राखीव झाला आहे, 2021 साली.

घरी आल्यावर ओवीला फ्लेमिंगो करायचा होता. गुलाबी पत्रिका शोधली, अंग कापलं. मानेला पत्रिकेची पट्टी पेन्सिलीला गुंडाळून वळवली, म्हणजे तिला बाक येतो. पायाला खराट्याचे दोन हीर, आणि हीर उभे राहावेत म्हणून खाली कणकेचा गोळा. मी सांगत होते, हे पाखरू डोकं उलटं करून पाण्यात घालतं आणि चिखलपाणी गाळून शेवाळ, बारीक किडे खातं. त्या खाण्यातनंच त्याला गुलाबी रंग येतो. पिल्लू जन्मतं तेव्हा गुलाबी नसतंच, राखाडी असतं. ओवीला ते पटेना. "मग आईला कसं कळतं ते तिचं आहे?" मी म्हणाले, "आवाजावरनं कळतं." तिच्या कपाटावर असे पाच फ्लेमिंगो उभे राहिले. एकाचे पाय एवढे लांब, की तो सारखा तोंडावर पडायचा. तोच तिचा लाडका.

मग मे महिना आला. तेरा तारखेला दुपारी धुळीचं वादळ उठलं आणि छेडानगरला पेट्रोल पंपावर मोठं होर्डिंग कोसळलं. 17 माणसं गेली. आमच्यापासून ते लांब नाही. आठवडाभर रुग्णवाहिकांचा आवाज, टीव्हीवर तेच, जिन्यात तेच. पोरांच्या समोर बोलू नये म्हणतात, पण दोन खोल्यांत पोरांच्या माघारी कुठं जाऊन बोलणार?

20 तारखेला मुंबईत लोकसभेचं मतदान होतं. त्या रात्री उतरायला आलेल्या एका प्रवासी विमानाला फ्लेमिंगोंचा थवा धडकला. विमान सुखरूप उतरलं. पाखरं लक्ष्मीनगरच्या बाजूला पडली, तीसच्या वर. कुणाच्या दारात, कुणाच्या पत्र्यावर, तुकडे होऊन. वन खात्याची माणसं, पक्षिमित्र येऊन गोळा करत होते. सकाळी शेजारच्या पोरानं मोबाईलवर फोटो दाखवला. मला दाखवत होता, पण ओवी माझ्या कमरेला चिकटून उभी होती. तिनं बघितलं.

रडली नाही. कपाटापाशी गेली आणि पाचही फ्लेमिंगो काढून पलंगाखाली सारले. मग विचारलं, "आजी, विमानाला दिसले नाहीत का?"

"अंधार होता बाळा."

"मग त्यांना विमान दिसलं नाही का?"

मी गप्प. शेकड्यानं पोरांना शिकवलेली मी, मला उत्तर सापडेना.

त्यानंतर ओवीचे हात थांबले. मी पोळ्या करताना गोळा दिला तर तिनं तो परत परातीत ठेवला. घाटकोपरवरनं विमानं अगदी खाली येतात, विमानतळ जवळच. आधी ती खिडकीत चढून त्यांना टाटा करायची. आता आवाज आला की खिडकी लावून घ्यायची. सून म्हणाली, "आई, होईल बरी चार दिवसांत, लहान आहे." मीही मान हलवली. पण लहान पोर विसरतं, हे मोठ्या माणसांनी स्वतःच्या सोयीसाठी काढलेलं आहे. मी विसरले नव्हते.

1972 चा दुष्काळ पडला तेव्हा मी दहा वर्षांची होते. आई-बाप दुष्काळी कामावर खडी फोडायला. मिळायची ती सुकडी आणि तांबडी मिलो ज्वारी. धाकटा भाऊ झोळीत, आणि त्याला राखायला मी आणि आजी. भूक लागली की तो रडायचा आणि मीही रडायची. आजीला डोळ्यांनी कमी दिसायचं. एक दिवस तिनं फाटक्या लुगड्याचे चौकोन फाडले आणि सुई माझ्या हातात दिली. म्हणाली, "पोरी, हात रिकामा ठिवू नगं. हात रिकामा ऱ्हायला की पोट बोलतंया."

तिनं मला चिमणाळं करायला शिकवलं. आताच्या पोरींना हा शब्द ठाऊक नसतो. पाळण्यावर टांगायची पाखरांची झुलती माळ, ते चिमणाळं. चार बोटं लांब, चार बोटं रुंद अशी चौकोनी चिंधी घ्यायची. कोपऱ्यावर कोपरा दुमडून त्रिकोण करायचा. उघड्या दोन बाजू शिवत आणायच्या, शेवटी बोटभर भोक ठेवायचं, त्यातनं कापूस नाहीतर बारीक चिंध्या कोंबायच्या आणि भोक बुजवायचं. घडीच्या एका टोकाला लाल दोरा गुंडाळला की चोच. दुसऱ्या टोकात काही कोंबायचं नाही, तिथं चुण्या घालून टाका मारायचा, ती शेपटी. डोळे काळ्या दोऱ्याच्या गाठींचे. वरच्या कोपऱ्यातनं दोरा ओवायचा. बांबूची कामटी वाकवून कडं करायचं, त्याला कापड गुंडाळायचं आणि पाखरं कमी-जास्त उंचीवर बांधायची. दोरा एवढाच ठेवायचा, की बाळाला दिसेल पण हाताला लागणार नाही. भाऊ त्या पाखरांकडं बघत हात-पाय हलवायचा. गावात तेव्हा चिमण्यांना टिपायला दाणा नव्हता. आमच्या झोळीवर मात्र सात होत्या.

मग 1983 साली मी माझ्या लेकीसाठी चिमणाळं केलं. तिचं नाव तारा. सात पाखरं, सगळी माझ्या लग्नातल्या साड्यांची. तारा आठ महिन्यांची झाली आणि उन्हाळ्यात तिला हगवण लागली. "दात यायला लागलं की व्हतंच," असं सगळी म्हणाली. "पाणी देऊ नगा, पाण्यानं वाढतंय," असंही म्हणाली. मी दिलं नाही. तिसऱ्या दिवशी पोर गेली. सासूबाईंनी पाळणा सोडला, चिमणाळं जाळून टाकलं. वाईट मनानं नव्हे, तशीच रीत होती. मी त्यातलं एक पाखरू आधीच तोडून कमरेला खोवलं होतं. ताराचं नाव घरात परत कुणी घेतलं नाही. मीही नाही.

पुढं गावात अंगणवाडी आली, मी सेविका झाले. प्रशिक्षणात शिकवलं, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, आणि लेकराला घोट-घोट देत राहायचं. तीन वस्तू, तिन्ही माझ्या घरात होत्या. त्या दिवशी मी प्रशिक्षणाच्या खोलीतनं बाहेर येऊन भिंतीला टेकून बसले होते. मग गावातलं एकही घर सोडलं नाही, दारोदार जाऊन ते पाणी शिकवलं. चिमणाळं मात्र त्यानंतर कधी केलं नाही. पोरांना भेंडाची पाखरं शिकवली, कागदाची शिकवली, कापडाची नाही.

ओवीची खिडकी आठवडाभर बंद राहिल्यावर मी ट्रंक उघडली. सुनेचा जुना गुलाबी ड्रेस मागून घेतला, चौकोन कापले आणि दारात बसून शिवायला लागले. ओवीला बोलावलं नाही. थोड्या वेळानं ती आली.

"हे काय करतेस?"

"फ्लेमिंगो. कापडाचे."

"ते मेले."

"व्हय. म्हणून करतेय."

ती बसली. मी शिवायची, ती कापूस कोंबायची. सुई तिला दिली नाही, पण मानेसाठी चिंधी वळायचं काम तिचं. पायांना दोन-दोन दोरे लोंबते सोडले. "सगळे करायचे," ती म्हणाली. मी म्हणाले, "सगळे नाही होणार. सात करू." तिनं बोटांवर मोजलं आणि कबूल केलं. सहा झाले आणि गुलाबी कापड संपलं. तेव्हा मी ट्रंकेतल्या पिशवीतनं ते पाखरू काढलं. एके काळी डाळिंबी होतं. चाळीस वर्षांत विटून धुरकट झालेलं.

ओवीनं ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. "हे राखाडी आहे. म्हणजे हे पिल्लू आहे."

"व्हय," मी म्हणाले. "पिल्लूच हाय."

"कुणाचं?"

"माझं."

तिनं पुढं काही विचारलं नाही. पिल्लू मधोमध बांधायचं, एवढं मात्र ठासून सांगितलं. कड्याला तारेचा हँगर वाकवला, त्यावर ड्रेसची किनार गुंडाळली.

रात्री लेक कामावरनं आला. खिडकीच्या गजाला ते झुलताना बघून म्हणाला, "आई, छान झालंय. हे एक जुनं कुठलं?" मी भाकरी थापत होते. पाठ त्याच्याकडं होती, म्हणून बोलता आलं. म्हणाले, "तुझ्या थोरल्या बहिणीचं."

त्याला बहीण होती, हे त्याला अडतीसाव्या वर्षी कळलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग स्टूल घेतलं, वर चढला आणि मी घातलेली गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली. खाली उतरल्यावर विचारलं, "नाव काय होतं?"

मी सांगितलं. एक्केचाळीस वर्षांनी ते नाव मी मोठ्यानं घेतलं.

तेवढ्यात वरनं विमान गेलं. खिडकी उघडी होती, वाऱ्यानं चिमणाळं हललं. ओवी पलंगावरनं बघत होती. तिनं खिडकी लावली नाही. दुसऱ्या दिवशी पोळ्यांच्या वेळी ती आपणहून आली आणि हात पुढं केला.