मोटारसायकलीचे दप्तर

ज्या नगरात बी.एस.ए. आणि नॉर्टन यांचे कारखाने पिढ्यान्‌पिढ्यांना पोटाला लावीत होते, आणि ज्याच्या दक्षिणेस पंधराएक मैलांवर, सुयांच्या धंद्यासाठी विख्यात असलेल्या रेडिच गावी, रॉयल एनफील्डची बुलेट घडत होती, त्या बर्मिंगहॅमच्या परिसरात राहून जपानची जुनी मोटारसायकल विकत घ्यायला निघावे, यात काहीसा अधर्म आहे अशी माझी जुन्या वळणाची समजूत होती. बुलेट 1955 साली मद्रासेस गेली आणि तिकडेच नांदली. रेडिचचा कारखाना पुढे बंद पडला. आणि स्मॉल हीथमधील बी.एस.ए.च्या विस्तीर्ण वास्तूचेही 1970 नंतरच्या दशकात व्हायचे तेच झाले. परंतु माझ्या भाच्याला, जो येथील विद्यापीठात शिकून येथेच नोकरीला लागला आहे आणि ज्याने दुचाकीचा पूर्ण परवाना नुकताच रीतसर परीक्षा देऊन मिळविला आहे, या वियोगाचे सुतक मुळीच नव्हते. त्याला होंडाची सीबी फोर हंड्रेड सुपर फोर हवी होती, आणि ती रेडिचमध्येच एका निवृत्त यंत्रकारागिराच्या घरी विक्रीस होती, हा योगायोग मला जितका बोचला तितकाच त्याला सोयीचा वाटला.

हे वाहन इंग्लंडच्या बाजारासाठी कधी निर्माणच झालेले नव्हते. जपानात मधल्या दर्जाच्या दुचाकी-परवान्याची मर्यादा 400 सीसी, त्यावरच्या गाड्यांचा परवाना 1996 पर्यंत अतिशय दुर्घट, आणि 250 सीसीच्या वरील प्रत्येक दुचाकीला ठरावीक मुदतीने सरकारी तपासणीच्या खर्चिक दिव्यातून जाणे भाग. त्यामुळे तेथील अभियंत्यांनी आपले सारे कौशल्य त्या 400 सीसीच्या चौकटीत ओतले, तर तेथील ग्राहकांनी गाडी थोडी जुनी होताच ती विकून टाकण्याचा परिपाठ ठेवला. मग 1990 नंतरच्या दशकात येथील चतुर व्यापाऱ्यांनी त्या टाकून दिलेल्या, पण अद्याप तरुण असलेल्या गाड्या कंटेनर भरभरून इकडे आणल्या. दोन्ही देशांत वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, तेव्हा पुढच्या दिव्याचा झोतही बदलावा लागला नाही. आपण ज्या गाडीचा विचार करीत आहोत ती 1994 च्या शरदात जपानात प्रथम रस्त्यावर आली आणि 2001 साली इंग्लंडच्या दप्तरी दाखल झाली.

‘दप्तरी दाखल झाली’ असे मी म्हणालो खरा, पण येथील दप्तर कोणत्या गोष्टीची साक्ष देते आणि कोणत्या गोष्टीविषयी मौन पाळते, हे समजून घेतल्यावाचून या देशात जुने वाहन घेऊ नये. स्वान्सी येथील वाहननोंदणी कार्यालय जे पत्र देते, ज्याला सरकारी भाषेत व्ही-फाइव्ह-सी आणि लोकांच्या तोंडी लॉगबुक म्हणतात, त्यावर ते मालकीचा पुरावा नव्हे असे स्वच्छ छापलेले असते. गाडी कोण बाळगतो, तिचा कर कोणाकडे मागावा, वेगमर्यादा मोडल्याची नोटीस कोणाच्या दारी धाडावी, एवढेच त्यावरून कळते. ती कोणाच्या पैशाने आली आणि कायद्याने कोणाची आहे, हा प्रश्न कार्यालय आपल्या अंगाला लावून घेत नाही. आपल्याकडच्या माणसाला हे प्रथम चमत्कारिक वाटते, परंतु वाटू नये. कारण ज्या सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या भावकीचे तंटे पोसले, तोही मूलतः महसूलवसुलीचाच कागद आहे, आणि फेरफाराच्या नोंदीने मालकी उत्पन्न होत नाही असे आपली न्यायालये वारंवार बजावीत आली आहेत. कब्जेदाराच्या रकान्यातील नावाला मालकाचे नाव समजणे ही आपली लोकरूढी. स्वान्सीच्या कागदाबाबत इंग्रज ग्राहकही तीच रूढी पाळतो, आणि विक्रेता सज्जन असला की त्याचे काही बिघडतही नाही.

बिघडते ते कर्जाच्या बाबतीत. महाराष्ट्रात गाडी बँकेकडे गहाण असली तर तसा शेरा आर.सी. बुकावरच असतो, आणि घेणारा पहिला प्रश्न विचारतो तो ‘एच.पी. उतरवली का?’ हाच. येथे लॉगबुकावर त्या बोज्याचे नावनिशाणही नसते. भाडेखरेदीवर घेतलेली गाडी हप्ते फिटण्यापूर्वीच कोणी परस्पर विकली, तर निर्धास्तपणे विकत घेणाऱ्या खासगी ग्राहकाला 1964 च्या भाडेखरेदी कायद्याने संरक्षण दिले आहे. मात्र गाडी चोरीची निघाली तर त्याला तसे कोणतेही छत्र नाही, गाडी मूळ मालकाकडे जाते आणि पैसे बुडाल्यात जमा होतात. म्हणूनच कर्ज, चोरी, आणि विमा कंपनीने अपघातानंतर मोडीत काढल्याची नोंद, या तिन्हींची माहिती अल्प शुल्कात पुरविणाऱ्या खासगी संस्थांचा आश्रय घेण्याची येथे पद्धत पडली आहे. जे काम आपल्याकडे आर.टी.ओ.च्या खिडकीशी अर्धा दिवस उभे राहून होते, ते येथे पाच मिनिटांत होते. फक्त ते करण्याची आठवण आपली आपणच ठेवावी लागते.

भाच्याने ती चौकशी आदल्या रात्रीच उरकली होती, आणि निष्कर्ष निर्मळ आला म्हणून तो निश्चिंत होता. मी मात्र गाडीपाशी गेल्यावर प्रथम गुडघे टेकले आणि विजेरी मागितली.

“मामा, इथे असलं कोणी बघत नाही हो,” तो दबक्या आवाजात म्हणाला.

“म्हणून तर आपण बघायचं,” मी म्हणालो. आपल्याकडे गाडी नावावर करताना चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि उमटलेला ठसा अर्जाला चिकटवितात. त्या संस्कारात वाढलेल्या माणसाला कागदावरच्या आकड्यापेक्षा लोखंडावरच्या आकड्याचा विश्वास अधिक.

आणि येथेच आयात गाडीची खरी परीक्षा असते. युरोपच्या बाजारासाठी घडलेल्या गाड्यांवर सतरा अक्षरांकांचा सलग क्रमांक असतो. जपानच्या अंतर्गत बाजारातील गाडीवर तो नसतो. तिच्या सांगाड्यावर, हँडल जेथे फिरते त्या मानेपाशी, प्रतिकृतीचे संकेताक्षर आणि त्यापुढे अनुक्रमांक एवढेच ठोकलेले असते. 1994 च्या या सुपर फोरचा सांगाडा ‘एनसी31’ने सुरू व्हावयास हवा आणि इंजिन ‘एनसी23ई’ने, दोहोंतील हा भेद पाहून अननुभवी ग्राहकाला इंजिन दुसऱ्याच गाडीचे आहे असा संशय येतो, परंतु तो भेदच येथे अस्सलपणाची खूण होय. उलट लॉगबुकात सतरा अक्षरांकांचा क्रमांक लिहिलेला असता, तर मी चहाही न घेता उठलो असतो. अक्षरे सरळ रेषेत आहेत काय, त्यांच्याभोवती कानस फिरल्याच्या किंवा नव्या रंगाच्या खुणा आहेत काय, हे मी पाहिले. विकणाऱ्या गृहस्थाने विजेरी स्वतःच धरली, आणि मी मान वर केली तेव्हा त्याच्या मुद्रेवर, आपल्या कामाची कदर करणारे कोणी भेटल्याचे समाधान होते.

त्यानंतर पाटीवरचे अक्षर. त्या काळच्या इंग्रजी क्रमांकाच्या आरंभी वर्षाचे अक्षर येई, आणि ‘एम’ हे अक्षर ऑगस्ट 1994 ते जुलै 1995 या अवधीचे. 2001 साली नोंदलेल्या गाडीवर ते कसे, असा प्रश्न पडेल; तर जुनी आयात गाडी आपल्या जन्मकालाचा पुरावा देऊ शकली की तिला त्या कालाचे अक्षर मिळते, आणि वय सिद्धच करता आले नाही तर तिच्या पाटीवर ‘क्यू’ येतो, जो पुढील प्रत्येक सौद्यात तिची किंमत पाडतो. लॉगबुकात प्रथम नोंदणीची तारीख निराळी आणि या देशातील प्रथम नोंदणीची तारीख निराळी, अशा दोन तारखा असल्या की गाडी बाहेरून आल्याचे कळते. या दोन तारखांमधला काळ म्हणजे गाडीचे पूर्वायुष्य, आणि त्याविषयी इंग्रज दप्तर अवाक्षर काढीत नाही.

वार्षिक तपासणीचा इतिहास मात्र बोलका असतो. एम.ओ.टी. नावाची ही तपासणी 1960 पासून चालू आहे, आणि 2005 च्या सुमारास ती संगणकावर गेल्यापासून केवळ पाटीवरचा क्रमांक टाकून कोणत्याही गाडीचे गुणदोष कोणालाही वाचता येतात: अमुक वर्षी मागचा टायर झिजलेला, तमुक वर्षी मानेचे बेअरिंग ढिले. आपल्याकडे मोटारीचे पूर्वायुष्य असे चव्हाट्यावर मांडले जाईल तर निम्मे दलाल संन्यास घेतील. भाच्याला त्या इतिहासात एक खोट सापडली होती आणि तिच्या बळावर तो किंमत पाडणार होता: एका वर्षी मोजणी 38 हजारांच्या पुढे, तर पुढच्याच वर्षी 25 हजारांच्या आत. मीटर मागे फिरविला, असा त्याचा सरळ निवाडा. परंतु जपानची गाडी किलोमीटर मोजते, येथील कायद्याला वेग मैलांत दिसावा लागतो, आणि आयात करणारे व्यापारी कधी फक्त तबकडी बदलीत, कधी मधे एक परिवर्तक बसवीत, तर कधी सबंध मीटरच नवा घालीत. 38 हजार 600 किलोमीटर म्हणजे जवळजवळ 24 हजार मैल. त्या वर्षी मीटर दुरुस्त करून तो मैलांवर आणल्याची पावती गृहस्थाने फाइलीतून काढून पुढे ठेवली, तेव्हा भाच्याचा मुद्दा निकालात निघाला आणि गाडीविषयीचा माझा आदर वाढला.

लॉगबुक खरे की खोटे, हेही पाहावेच लागते. 2006 साली, नष्ट करण्यासाठी बाजूला काढलेली वीस लाखांहून अधिक कोरी नोंदपत्रे चोरीस गेली, आणि पुढे कित्येक वर्षे ती निळी पत्रे चोरीच्या गाड्यांना सोज्ज्वळ कुळे बहाल करीत राहिली. अखेर कार्यालयाने पत्राचा रंगच पालटून तांबडा केला. तेव्हा कागद उजेडासमोर धरून त्यातील जलचिन्ह पाहावे, नाव आणि पत्ता ज्या घरात आपण बसलो आहोत त्याचाच आहे ना हे पाहावे, आणि ‘लॉगबुक मागाहून पाठवितो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघावे.

आता फाइलीविषयी. गृहस्थाने ती स्वतः जपली होती आणि त्याच्या आधीच्याने त्याला दिली होती. तिच्या तळाशी जपानी सरकारचा, निर्यातीसाठी नोंदणी रद्द केल्याचा दाखला होता. भाच्याने भ्रमणध्वनी त्यावर धरून तो वाचला: हेइसेइ 6, म्हणजे त्या वेळच्या सम्राटाच्या राजवटीचे सहावे वर्ष, म्हणजे 1994. सांगाड्याचा क्रमांक लोखंडावरच्या क्रमांकाशी अंकन्‌अंक जुळला. स्वान्सीला हा कागद 2001 साली एकदा लागला. यापुढे तो कोणीही मागणार नाही, आणि नव्या लॉगबुकात पूर्वीच्या बाळगणाऱ्यांची जी संख्या येईल तीत ओसाका-नागोयाकडचा एकही माणूस धरलेला नसेल.

सौदा उभ्याउभ्याच ठरला. गृहस्थ 2,100 पौंड मागत होता, भाचा 1,900 वर अडला होता. विमा कंपनीला गाडी आयात असल्याचे आधी कळविले पाहिजे, आणि जुन्या मालकाने भरलेला रस्ताकर 2014 पासून गाडीबरोबर येत नाही म्हणून तो लॉगबुकाच्या हिरव्या चिठ्ठीवरील क्रमांकाने नव्याने भरला पाहिजे, हे दोन खर्च त्याने आपल्या बाजूने बिनतोड मांडले. मी त्याला मराठीत सांगितले की दोन हजारांवर हो म्हण, आणि वरचे शंभर त्या फाइलीचे समज.