पट्टी कुठे थांबली, ते लिहून ठेव

आषाढीला नारायणगडावर पाय ठेवायला जागा नसते. पंढरपूरची वारी ज्यांना जमत नाही, ते नगद नारायण महाराजांच्या या गडावर येऊन विठ्ठलाचं दर्शन घेतात. आमच्याकडे गडाला धाकटी पंढरीच म्हणतात. २०२५ साली एकादशी ६ जुलैला होती. मी नेहमीसारखा चार दिवस आधीच बहिणीकडे गेलो. या वेळी पिशवीत कपड्यांबरोबर दोन पेनड्राइव्ह होते.

तिच्या वस्तीवरच्या पोरांनी एका खोलीत अभ्यासिका सुरू केली आहे. दसरा-दिवाळी झाली की इथली बरीच घरं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि मुलं आजी-आजोबांजवळ राहतात. त्या मुलांसाठी कुणीतरी जुना कॉम्प्युटर दिला होता. साल २००८ च्या आसपासचं, पेंटियम ड्युअल कोअर, एक-एक जीबीच्या दोन रॅम. त्यात विंडोज एक्सपी होती. मायक्रोसॉफ्टने तिचे अपडेट २०१४ मध्येच बंद केले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, ती इतक्या जुन्या बोर्डावर नसते. म्हणून मी डेबियन १२ हे लिनक्स घालायचं ठरवलं. ते फुकट आहे, कमी रॅमवर चालतं आणि त्यात मराठीही आहे.

पहिल्या संध्याकाळी सगळं सुरळीत सुरू झालं. डिस्कचे भाग पडले, मूळ सिस्टीम उतरली. मग सॉफ्टवेअर उतरवण्याची पायरी आली आणि किती टक्के काम झालं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी थांबली. जुनं मशीन आहे, वेळ घेत असेल, असं म्हणून आम्ही जेवायला गेलो. परत आलो तरी पट्टी तिथंच. बंद करून पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडकलं. दुसऱ्या दिवशीही तेच. पोरं दारात उभी राहून बघायची आणि निघून जायची. एक आजोबा म्हणाले, "जुनं ते जुनंच, देऊन टाका भंगारवाल्याला." त्यांचं बोलणं मला लागलं. भंगारवाल्याला दिलं तर त्या मुलांना दुसरं कुठून मिळणार होतं?

माझी भाची तेव्हा दहावीला होती. तिला मी सांगितलं होतं, पट्टी कुठे थांबली ते दर वेळी लिहून ठेव. तिने वहीच्या मागच्या पानावर रकाने आखले होते. तिसऱ्या वेळेनंतर वही पुढे करत ती म्हणाली, "मामा, हे दर वेळी वेगळ्याच ठिकाणी थांबतंय. एकतीस, चव्वेचाळीस, सत्तावीस."

गाठ तिथंच सुटायला लागली. पेनड्राइव्हवरची एखादी फाइल खराब असती, तर मशीन बहुधा दर वेळी त्याच फाइलशी येऊन अडलं असतं. जागा बदलते, तेव्हा संशय रॅमवर, उष्णतेवर किंवा वीजपुरवठ्यावर घ्यावा. तरी मी घाई केली नाही. आधी डाउनलोड केलेल्या फाइलचा चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा आकडा, डेबियनने दिलेल्या आकड्याशी ताडला. तो जुळला. मग पेनड्राइव्ह नव्याने लिहिला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

चौथ्यांदा पट्टी थांबली तेव्हा कॅप्स लॉक दाबून पाहिलं. कीबोर्डवरचा दिवा लागला, विझला. म्हणजे मशीन जिवंत होतं, आत काहीतरी बिनसलं होतं. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-फोर एकत्र दाबलं. इन्स्टॉलर आत जे जे करतो, त्याची नोंद काळ्या पडद्यावर दिसली. एका पॅकेजपुढे लिहिलं होतं, 'कॉम्प्रेस्ड डेटा इज करप्ट'. पुढच्या खेपेला तोच मजकूर दुसऱ्याच पॅकेजपुढे. चेकसम जुळलेला असताना दर वेळी वेगळी फाइल खराब कशी निघेल? दाबून भरलेली फाइल उलगडताना ती रॅममध्ये येते, आणि तिथलं एखादं घर चुकीचा आकडा धरून बसलं की सगळी फाइल नासते.

दुसऱ्या पेनड्राइव्हवर रॅम तपासणारा मेमटेस्ट होता. तो लावला. दहा मिनिटांत लाल ओळी धावायला लागल्या. मुख्य तार काढून कॅबिनेट उघडलं, धूळ झटकली, दोन्ही रॅम काढल्या. सोनेरी दातांवर काळपट थर चढला होता. भाचीने कंपासमधलं खोडरबर दिलं, त्याने दात अलगद घासले, मऊ कापडाने पुसले. मग एकेक रॅम त्याच खाचेत घालून तपासली. पहिलीवर पुन्हा लाल ओळी आल्या. दुसरी रात्रभर तपासली, एकही चूक नाही. खाच चांगली होती, एक रॅम गेली होती.

एकादशीच्या आदल्या सकाळी एकाच जीबीवर इन्स्टॉलेशन सुरू केलं. पट्टी कुठेही न थांबता शेवटपर्यंत गेली. पण अपडेट घेताना नवा अडथळा आला. रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही, असं म्हणत ते थांबलं. घड्याळ बघितलं तर मशीनमध्ये १ जानेवारी २००८ चालू होता. बोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता. असा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो बदलला, तारीख लावली, अपडेट उतरले. पुढच्या आठवड्यात बीडहून जुनी डीडीआर-टू रॅम आणून रिकामी खाच भरली.

भाचीची ती वही आता अभ्यासिकेत कॉम्प्युटरशेजारीच असते. काही अडलं की मुलं त्यात तारीख, पायरी आणि पडद्यावरचा मजकूर लिहितात. तुमच्या माळ्यावरही असा एखादा कॉम्प्युटर पडून असेल. तो भंगारात घालण्याआधी एक रात्र मेमटेस्ट लावा, रॅमचे दात पुसा, सेल बदला. चांगला निघाला तर जवळच्या वस्तीशाळेला किंवा अभ्यासिकेला द्या. आणि देताना सोबत एक कोरी वही द्यायला विसरू नका.