पलटणीचे धर्मगुरू

घरी सत्यनारायण असला, की आपण भटजींना दोनच प्रश्न विचारतो : किती वाजता येणार आणि दक्षिणा किती घेणार. ते कोठे शिकले, किती शिकले, ही चौकशी आपल्याला आगाऊपणाची वाटते. आवाज खणखणीत असला आणि पूजा जेवणाच्या वेळेआधी आटोपली, की ते विद्वान ठरतात!

आपल्या लष्कराला असे भोळे राहून चालत नाही. पलटणीतल्या मंदिरात, गुरुद्वारात, मशिदीत वा चर्चमध्ये जो धर्मगुरू नेमायचा, त्याची ते कसून पारख करते. पदवी सर्वांनाच हवी. शिवाय पंडित हा संस्कृतातला आचार्य असावा, किंवा शास्त्री असून त्याने कर्मकांडाची एक वर्षाची पदविका घेतलेली असावी. ग्रंथीला पंजाबीतली 'ज्ञानी', मौलवीला अरबीतली 'आलिम' किंवा उर्दूतली 'अदीब आलिम' ही परीक्षा हवी. पाद्र्याला नुसती दीक्षा पुरत नाही. त्याचे नाव स्थानिक बिशपच्या यादीत अजून असावे लागते. लडाखी पलटणीसाठी बौद्ध भिक्षूही घेतात. निवड झाली, की नायब सुभेदाराचा हुद्दा मिळतो. पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत शिक्षण होते; तेथे आपल्या धर्माबरोबर दुसऱ्यांच्या धर्मांचीही ओळख करून घ्यावी लागते.

माझा एक जुना विद्यार्थी ही जाहिरात घेऊन परवा घरी आला. वडील गावी भिक्षुकी करतात. हा शास्त्री झालेला, पदविकाही घेतलेली.

"सर, सगळे जमते आहे. पण 1600 मीटर आठ मिनिटांत धावायचे आहे हो!"

"मग दक्षिणेतले लाडू कमी करा," आमच्या सौभाग्यवती लाडवांची बशी त्याच्यापुढे ठेवीतच म्हणाल्या.

तो हसला, पण खरी अडचण वेगळीच होती. त्याने जाहिरातीतली कामांची यादी माझ्यापुढे धरली. अंत्यविधीला हजर राहणे, रुग्णालयातल्या आजाऱ्यांना भेटणे, बरे होत असलेल्यांबरोबर प्रार्थना करणे, शिक्षा भोगणाऱ्या जवानांची विचारपूस करणे, जवानांच्या कुटुंबांकडे लक्ष पुरविणे.

"मंत्र मला येतात," तो म्हणाला, "पण ज्याचा पाय कापला आहे, त्याच्याशी काय बोलायचे? आणि तो माझ्या धर्माचा नसला तर? हे कोणत्या पदविकेत शिकवतात?"

मी वर्षानुवर्षे वर्गात करुणरस शिकवीत आलो आहे. तरी या प्रश्नाला माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. मला आठवले ते 'डॉर्चेस्टर' हे अमेरिकन जहाज. 3 फेब्रुवारी 1943 ला मध्यरात्रीनंतर ग्रीनलंडजवळच्या बर्फगार समुद्रात जर्मन पाणबुडीने त्यावर पाणतीर सोडला. जहाजावर सुमारे 900 माणसे होती आणि चार लष्करी धर्मगुरू : एक मेथॉडिस्ट, एक रिफॉर्म्ड पंथाचा, एक कॅथलिक आणि एक ज्यू. जीवरक्षक जाकिटे संपली, तेव्हा चौघांनी स्वतःच्या अंगावरची काढून दिली. घेणाऱ्याचा धर्म कोणी विचारला नाही. चौघेही जहाजाबरोबर बुडाले.

हे मी त्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. अखेर मी विचारले, "तुझे वडील कोणाच्या घरी दहाव्याला जातात, तेव्हा मंत्रांच्या आधी काय करतात?"

तो आठवू लागला. "आधी नुसते बसतात," तो म्हणाला. "घरच्या माणसांना बोलू देतात. कधी कधी त्यात तासही जातो. यजमानांपैकी कोणी घाई केली, तर हाताने थांबवतात."

"अर्ज कधीपर्यंत भरायचा आहे?" मी विचारले.

"महिना आहे अजून."

"मग सकाळी धावायला जात जा. आणि वडिलांना बोलावणे आले, की त्यांच्याबरोबरही जात जा."