सूरत, सीरत आणि चार चाकं

माझा धाकटा भाऊ शारजात मोटारींच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे. आम्ही मूळचे खेडकडचे. अब्बा जहाजावर होते, ते लवकर गेले. धाकट्याचं सगळं लहानपण चुलतभावांच्या उतरलेल्या शर्टांत गेलं. ईदलासुद्धा त्याच्या अंगावर नवं कापड क्वचितच चढायचं. म्हणून 2018 साली त्यानं सेकंडहँड टोयोटा 86 घेतली आणि फोटो पाठवला, तेव्हा मला राग आला नाही. दोन दारांची, लांब नाकाची लाल गाडी. अम्मीनं मात्र फोटो हातभर लांब धरून विचारलं, "कर्ज किती काढलंय?"

2019 च्या दिवाळीच्या सुट्टीत मी अम्मीला घेऊन शारजाला गेले. विमानतळावर जी गाडी समोर आली ती फोटोतली नव्हती. ती जमिनीला टेकल्यासारखी बसली होती. चाकं एवढी मोठी की टायर म्हणजे रिमला गुंडाळलेली काळी फीत वाटावी. मागची चाकं वरून आत कललेली, फेंगड्या माणसाच्या पायांसारखी. आणि डिकीवर एक भलंमोठं पंख. अम्मीला कंबरेचा जुना आजार. तिला आत बसवायला आम्हा दोघांना हात द्यावा लागला. मी मागच्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसले. त्या सीटवर दप्तर बसेल, माणूस नाही.

"कशी दिसते, आपा?" त्यानं आरशातून विचारलं.

"दिसते छान," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

तिसऱ्या दिवशी आम्ही खोरफक्कानला निघालो. डोंगर फोडून बोगदे काढलेला तो नवा रस्ता त्याच वर्षी सुरू झाला होता. परतताना एका लांब वळणावर पुलाचा सांधा लागला. सांधा केवढा, बोटभर. पण खालून धाडकन हातोडा बसल्यासारखा आवाज आला आणि गाडीचा मागचा भाग उडी मारून बाजूला सरकला. क्षणभर समोर रस्ता नव्हता, कठडा होता. मग गाडी आपोआप थरथरली, वेग तुटला, आणि आम्ही पुन्हा सरळ झालो. अम्मी कलमा पुटपुटत होती. धाकटा बराच वेळ बोलला नाही. घरी पोहोचल्यावर जिन्यात मला हळूच म्हणाला, "घसरण सावरणारी यंत्रणा मी रोज बंद ठेवतो, आपा. आज अम्मी होती म्हणून चालू ठेवली होती."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी उर्दू शाळेत आठवी ते दहावीला सायन्स शिकवते. गुरुत्वमध्याला आम्ही मरकज़े-सक़ल म्हणतो, घर्षणाला रगड. वर्षानुवर्षं फळ्यावर विटा आणि उतार काढून हे शिकवलं, पण माझ्याच घरातला माणूस त्या धड्यावर जीव टांगून बसलाय हे लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्कशॉप बंद झाल्यावर मी त्याला म्हटलं, "मला ही गाडी समजावून सांग. मी विद्यार्थिनी."

त्यानं सांगितलं ते ऐकून मूळ गाडीवर माझा जीवच बसला. 2012 साली टोयोटा आणि सुबारू यांनी मिळून ती बाजारात आणली. दोन लिटरचं इंजिन, 200 अश्वशक्ती, आणि इंजिनाचे चारही सिलिंडर आडवे. उभे नसल्यामुळे वजन खाली राहतं. गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण 46 सेंटिमीटरवर. टायर 215 मिलिमीटर रुंदीचे, म्हणजे अशा गाडीला बेताचेच. तेही मुद्दाम. पकड कुठे सुटते ते चालवणाऱ्याला कमी वेगातच कळावं, हा हेतू. एवढा विचार करून कुणी बनवलेली वस्तू, आणि माझ्या भावानं तिच्यावर वर्षभराचा पगार घालून काय केलं होतं?

वर्कशॉपमध्ये काटा होता. आम्ही मूळचं 17 इंची चाक आणि नवं 19 इंची चाक टायरसकट तोलून पाहिलं. एकेका चाकामागे पाच किलोंचा फरक. हे वजन स्प्रिंगच्या वर नसतं, खाली असतं. खड्ड्यात उडालेलं जड चाक शॉकअपला लवकर खाली आणता येत नाही, आणि जेवढा वेळ चाक हवेत तेवढा वेळ रगड शून्य. टायरच्या भिंतीची उंची 97 मिलिमीटरवरून 79 वर आली होती. म्हणजे धक्का पिणारी जागाही कमी. वरून गाडी दोन इंच खाली बसवलेली, तीही स्वस्तातल्या स्प्रिंग लावून. शॉकअपला खाली दबायला जागाच उरली नव्हती. तो हातोड्याचा आवाज म्हणजे शेवटच्या रबरावर आपटलेलं लोखंड होतं.

"पण खाली बसवली की गाडी वळणावर कमी कलते ना?" त्यानं विचारलं. मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग आम्ही फरशीवर खडूनं चित्र काढलं. या गाडीच्या पुढच्या चाकांना खालून धरणारे जे दांडे असतात, ते गाडी जास्त बसवली की बाहेरच्या टोकाला वर तिरके होतात. त्यामुळे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा भराभर खाली जातो. दोघांतलं अंतर वाढतं. तरफेची भुजा वाढल्यावर काय होतं ते माझ्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगाही सांगेल. थोडं खाली बसवून फायदा, जास्त बसवून तोटा. फेंगड्या चाकांचंही तसंच. वळणावर गाडी बाहेर कलते, तेव्हा दोनेक अंश आत झुकलेलं चाक जमिनीवर सपाट बसतं. त्याची चाकं इतकी झुकलेली होती की टायरची फक्त आतली कड झिजली होती. सरळ रस्त्यावर ब्रेक दाबला तर तेवढ्याच पट्टीवर सगळा भरवसा. आणि पंख? हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शहरातल्या वेगात ते पंख म्हणजे डिकीवरचं नुसतं ओझं, आणि खऱ्या वेगात फक्त मागचा भाग दाबून पुढचा हलका करणारं.

तो ऐकत होता. मग एकदम उसळला. "तुला वाटतं मला हे काहीच कळत नव्हतं? दिवसभर मी दुसऱ्यांच्या गाड्या नीट करतो. सिग्नलला थांबल्यावर लोक वळून माझ्या गाडीकडे बघतात, ते काय असतं तुला नाही कळायचं."

मला कळत होतं. आपल्याकडे मुलगी बघायला येणारे "सीरत महत्त्वाची" असं म्हणतात आणि चहाच्या कपावरून चेहराच न्याहाळतात. मी चार वेळा तो ट्रे घेऊन बाहेर आले आहे. त्यामुळे सुरतीला किंमत नसते असं कुणी सांगितलं तर माझा विश्वास बसत नाही. मी त्याला गाडी पुन्हा पहिल्यासारखी कर असं म्हटलंच नाही. एवढंच म्हटलं की क्रम बदल. आधी टायर, मग त्यांना साजेसे शॉकअप आणि स्प्रिंग, मग अलाइनमेंट. एवढं झाल्यावर जी जागा उरेल तिथे तुला हवी ती नक्षी काढ.

तिथे असे बदल करायला आधी परवानगी लागते आणि गाडीची तपासणीही होते. तपासणीच्या आदल्या दिवशी हा मूळच्या स्प्रिंग चढवायचा आणि नंतर उतरवायचा, हेही त्यानं त्याच रात्री कबूल केलं. मी नाव ठेवायच्या भानगडीत पडले नाही. आपल्याकडे तरी काय वेगळं? जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर निकाल देऊन सांगितलं की गाडीची मूळ रचना अशी बदलता येत नाही. आणि आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर मडगार्ड कापलेल्या, सायकलीसारखे बारीक टायर लावलेल्या मोटारसायकली उभ्याच असतात. हल्ली मी रगडीचा धडा वर्गात नाही, त्या गाड्यांपाशी उभी राहून शिकवते. हेडमास्तरांना ते फारसं पसंत नाही.

मार्च 2020 मध्ये, विमानं बंद व्हायच्या थोडं आधी, त्याचा नवा फोटो आला. चाकं परत 17 इंची, पण हलकी आणि कांस्यरंगाची. तो रंग त्यानं तीन रात्री जागून निवडला होता. टायर 225 चे. गाडी एकच इंच खाली, स्प्रिंगला जोडीचे शॉकअप. पंख गेलं होतं. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये दोन बोटं मावतील एवढी फट दिसत होती. खरं सांगायचं तर आता ती मला जास्त देखणी वाटली, पण हे मी त्याला कळवलं नाही. घसरण सावरणारी यंत्रणा चालू असते का, एवढंच विचारलं. उत्तराला दोन दिवस लागले. "असते," असं आलं.

ती 19 इंची चाकं मात्र विकली गेली नाहीत. पुलाच्या त्या सांध्यावर एक रिम वाकली होती, आणि तीन चाकं कोण घेणार? 2022 मध्ये अम्मीला घेऊन पुन्हा गेले, तर वाकलेली रिम त्यानं घासूनपुसून बैठकीत आडवी ठेवली होती, वर गोल काच. अम्मीनं तिच्यावर चहाचा कप ठेवला, हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "हे टेबल बरंय. केवढ्याला पडलं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.