उघड्या पोथीची विद्या

विद्या दिल्याने वाढते, हे आपण मुलांकडून इतक्या वेळा घोकून घेतले आहे की ते खरे आहे किंवा कसे, हा प्रश्न आपल्यास सहसा पडत नाही. व्यवहारात पाहू गेल्यास ज्याच्या हाती काही विशेष कसब असते तो ते चार लोकांपासून राखूनच ठेवतो. वैद्य मात्रेचे प्रमाण सांगत नाही आणि आचारी आपला मसाला दाराआड कुटतो. असे असता, ज्या धंद्यात आज मुबलक पैसा आहे असे आपण समजतो, त्याच धंद्यातील तरुण मंडळी आपले कसब एकमेकांस विनामूल्य शिकवीत बसतात, हे पाहून मजसारख्या जुन्या शिक्षकास नवल वाटणे साहजिक आहे. ह्या नवलाचा छडा लावण्याचा प्रसंग आमच्या घरातच आला, म्हणून हे चार शब्द.

आमची सूनबाई संगणकासाठी आज्ञावली लिहिणारी. आजच्या भाषेत सॉफ्टवेअर डेव्हलपर. लग्नापूर्वी व नंतर मिळून सात वर्षे तिने नोकरी केली. पुढे नातू झाला, आणि त्याच सुमारास आमच्या सौभाग्यवतीस अर्धांगवायूचा झटका आला. त्या दुखण्यात सूनबाईने जी सेवा केली तिची तारीफ सर्व नातलगांनी केली. परंतु त्या सेवेपायी तिची नोकरी सुटली, ह्याचा हिशेब कोणी मांडला नाही. पाच वर्षांनी, घर मार्गी लागल्यावर, तिने पुन्हा अर्ज करावयास प्रारंभ केला. एका ठिकाणी मुलाखत घेणाऱ्याने विचारले, "ही मधली पाच वर्षे रिकामी दिसतात, ती का?" घरी येऊन तिने ते शब्द सांगितले तेव्हा सौभाग्यवतीने तोंड भिंतीकडे वळविले. ती वर्षे कोणासाठी गेली होती हे आम्हा सर्वांस ठाऊक होते.

सूनबाईने मात्र रडण्यात वेळ दवडला नाही. "नाना, पाच वर्षांत आमच्याकडे निम्मी विद्या बदलते. मी आता मुळापासून वाचणार," असे ती म्हणाली. रात्री मूल निजले की ती संगणक घेऊन स्वयंपाकघरातील मेजापाशी बसे. मला निद्रा कमी, म्हणून मीही शेजारी खुर्ची ओढून बसू लागलो. न क्लास, न फी, न पुस्तक. तेव्हा ही शिकते तरी कशावरून, असे मी एकदा विचारले. तिने एक वेबसाइट उघडली आणि एफ-१२ ही कळ दाबली. त्यासरशी पडदा दुभंगून एका अंगास ते पान आणि दुसऱ्या अंगास ते पान ज्या मजकुरावरून उभे राहिले तो सगळा मजकूर दिसू लागला. जगातील बहुतेक कोणतेही पान असे उकलून पाहता येते, इतकेच नव्हे तर त्यात आपल्यापुरता फेरफार करून परिणामही पाहता येतो. ही हत्यारे प्रत्येक प्रमुख ब्राउझरात मुळातच असतात व त्यांस पैसा पडत नाही. हे ऐकून मला एखाद्या वाड्याच्या भिंती काचेच्या व्हाव्या आणि तुळई, खांब, पाया सगळे दिसावे तसे वाटले.

ही रचना अशी उघडी का राहिली, ह्याचा इतिहास तिने मला सांगितला. टिम बर्नर्स-ली नावाच्या इंग्रज गृहस्थाने १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न ह्या पदार्थविज्ञानाच्या संस्थेत असताना ही कल्पना प्रथम कागदावर मांडली. निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांचे लेख निरनिराळ्या यंत्रांत अडकून पडत, ती अडचण दूर करावी हा हेतू. पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने ह्या योजनेवरील आपला हक्क सोडून ती सर्व जगास खुली केली. १९९४ साली तिचे नियम ठरविण्याकरिता डब्ल्यू-थ्री-सी ही संस्था निघाली. तिने ठरविलेले नियम आजही कोणीही फुकट वाचू शकतो. आपल्याकडे सामान्य जनांस इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. म्हणजे पोथी आपल्या हाती पडली ती आधीच उघडलेली होती.

त्या पोथीच्या तीन शाखा आहेत. एचटीएमएल ही पानाचे अवयव सांगते: हा मथळा, हा परिच्छेद, हे कोष्टक. सीएसएस ही त्यास रूप देते. हिची कल्पना होकून व्हियुम ली ह्या नॉर्वेच्या गृहस्थाने १९९४ साली मांडली. तिसरी जावास्क्रिप्ट, ब्रेंडन आइक ह्याने १९९५ साली तिचा पहिला साचा अवघ्या दहा दिवसांत रचला. हिच्यायोगे पानात क्रिया येते. अवयव, रूप आणि क्रिया हा विभाग व्याकरण शिकलेल्या मनुष्यास परका वाटत नाही. परंतु मी खरा चकित झालो तो सीएसएसचे नियम पाहून. एकाच मजकुरास दोन नियम लागू पडत असतील व दोघांचे बळ सारखे असेल, तर जो मागाहून लिहिलेला तो चालतो. आणि एक नियम सामान्य व दुसरा विशेष असेल तर विशेष नियम सामान्यास बाजूस सारतो. वाचकांपैकी ज्यांनी अष्टाध्यायीस हात घातला असेल त्यांस हे ओळखीचे वाटेल. दोन सूत्रांचा विरोध झाल्यास पुढच्या सूत्राचे कार्य करावे, असाच अर्थ परंपरेने पाणिनीच्या एका परिभाषेचा केला आहे. आणि उत्सर्गाहून अपवाद बलवान, हे तर व्याकरणाच्या विद्यार्थ्यास पहिल्या वर्षीच कळते. नॉर्वेच्या त्या गृहस्थाने पाणिनी वाचला होता असे मी म्हणत नाही. नियमांची मोठी रास एकत्र नांदवावयाची झाली की असले निवाडे करावेच लागतात, एवढेच म्हणतो. ह्या शाखेत "महत्त्वाचे" अशी खूण लावून कोणताही नियम इतरांच्या डोक्यावर बसविण्याचीही सोय आहे. सूनबाई हसून म्हणाली, "नाना, ही खूण जागोजाग लावली की सगळा कारभार बिघडतो." एकत्र कुटुंबात राहणाऱ्यास ह्याचे भाष्य करून सांगावयास नको.

नुसते वाचून विद्या अंगी लागत नाही, म्हणून तिने काही करून पाहावे असे ठरविले; आणि माझ्या आग्रहावरून विषय घेतला तो शब्दरूपावलीचा. माझे काही जुने विद्यार्थी कोकणातील शाळांत संस्कृत शिकवितात. तेथे पावसाळ्यात मोबाइलचे जाळे तासन्‌तास नाहीसे होते. तिने अशी योजना केली की पान एकदा उघडले म्हणजे त्याची प्रत त्या मोबाइलातच राहावी व पुढे जाळे नसतानाही ती उघडावी. ह्या कामी सर्व्हिस वर्कर म्हणून एक छोटा सेवक असतो. तो ब्राउझर आणि बाहेरचे जग ह्यांच्या मध्ये उभा राहून, बाहेरून उत्तर न आले तर आपल्या कोठारातील प्रत काढून देतो. देव, वन, माला, नदी असे करता करता चाळीस शब्द झाले.

एवढ्यात तिला कळले की आपल्याच गावात, पुण्यात, ह्या धंद्यातील लोकांचे एक मंडळ महिन्यातून दोन शनिवारी दुपारी जमते. कोणी तरी जागा देतो, चहा वर्गणीतून होतो, आणि जो तो आपण केलेले काम दाखवून टीका मागून घेतो. घरात ह्यावर दोन तट पडले. थोरल्या वहिनी म्हणाल्या, "अगो, पगार मिळत असता तर गोष्ट वेगळी. सुटीच्या दिवशी बाईमाणसाने घर टाकून फुकट शिकायचे आणि वर फुकट शिकवायचे, हा कुठला न्याय?" सूनबाईने उत्तर दिले ते नम्रपणे: "काकू, पाच वर्षे मी कोणाशी ह्या विद्येबद्दल एक शब्द बोलले नाही. घरात मी एकटीच ती भाषा बोलणारी. भाषा बोलायला दुसरे माणूस लागते." ह्यावर वहिनी काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "बाळाला मी बघेन. चार वाजता त्याला दूध लागते ना?"

दुसऱ्या शनिवारी तिच्यासमवेत मीही गेलो. खोलीत तीसेक माणसे होती; बहुतेक पंचविशीची, काही कॉलेजातील, आणि साताऱ्याकडून पहाटेच्या एस.टी.ने आलेला एक मुलगा. पुण्यास व्याख्यानांचा प्रघात नवा नाही. वसंत व्याख्यानमाला १८७५ सालापासूनची. परंतु तेथे एक बोलतो व बाकीचे ऐकतात. येथे बोलणाऱ्यास मध्येच अडवून "हे असे का?" म्हणून विचारण्याची मुभा होती, आणि विचारणारा वयाने लहान असला तरी कोणाच्या कपाळास आठी पडत नव्हती.

सूनबाईने आपली शब्दरूपावली दाखविली. मंडळींनी वाहवा केली. मग मागील बाकावरील एक अंध गृहस्थ म्हणाले, "ताई, तुमचे पान माझ्या मोबाइलवर उघडले आहे. हे ऐका." अंध लोकांसाठी पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या योजना असतात, संगणकावर चालणारी एनव्हीडीए नावाची अशी योजना २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन ह्या अंध तरुणाने सुरू केली व ती विनामूल्य वाटली. त्या गृहस्थांच्या मोबाइलातील वाचक बोलू लागला: रामाभ्याम्... रामाभ्याम्... रामाभ्याम्. तृतीया, चतुर्थी आणि पंचमी ह्यांचे द्विवचन एकच, हे आपण जाणतो. पण कोणते रूप कोणत्या विभक्तीचे, हे त्या आवाजावरून कळण्यास मार्ग नव्हता. डोळ्यांस जे कोष्टक दिसत होते ते वस्तुतः कोष्टक नव्हतेच. नुसत्या चौकटी सीएसएसने ओळीत मांडल्या होत्या. रूप होते, अवयवांचा पत्ता नव्हता.

पुढील तासभर चारपाच जण तिच्याभोवती बसले. चौकटी काढून खरे कोष्टक घातले, प्रत्येक स्तंभाचा व ओळीचा मथळा मथळा म्हणून नोंदविला, आणि कोणता मजकूर मराठी व कोणता संस्कृत ह्याची खूण केली. मग तेच पान त्या गृहस्थांच्या हाती बोलले: चतुर्थी, द्विवचन, रामाभ्याम्. ते म्हणाले, "शाळेत संस्कृत घ्यायचे होते, ऐकता येईल असे पुस्तक नव्हते म्हणून सोडले." आपली सर्व प्राचीन विद्या कानांनी घेतलेली, श्रुति हे तिचे नावच, आणि ज्याच्यापाशी फक्त कानच होते त्यास आपण तीच विद्या देऊ शकलो नाही. हा विचार त्या खोलीत माझ्या मनात आला तो अद्याप गेलेला नाही.

आपल्या घराण्यांस विद्येचा अभिमान आहे व तो असावा. परंतु ती विद्या किती शतके दाराआड होती, हेही आपणच सांगितले पाहिजे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली तेव्हा तिला विरोध करणाऱ्यांत शास्त्रीपंडित होते. आणि त्या शाळेस आपला वाडा देणारे भिडेही ब्राह्मणच होते. दार बंद करणारे आणि उघडणारे एकाच आळीत राहतात. प्रत्येक पिढीस आपण कोणत्या बाजूस उभे राहणार हे नव्याने ठरवावे लागते.

ह्या नव्या क्षेत्रात सर्व काही निर्मळ आहे असेही नव्हे. नियम खुले असले तरी क्रोम व एज हे दोन मोठे ब्राउझर एकाच गाभ्यावर उभे आहेत, आणि ज्याच्या हाती गाभा त्याचा शब्द जड पडतो. मंडळांत फुकट केलेल्या कामावर धनाढ्य कंपन्या नफा मिळवितात, ही तक्रारही रास्त आहे. आणखी एक गोष्ट मला त्या खोलीत दिसली. तीस माणसांत विवाहित स्त्रिया दोनच होत्या. जागा फुकट, चहा जवळजवळ फुकट, विद्या तर फुकटच. तरीही त्या आल्या नव्हत्या. शनिवारची दुपार मात्र फुकट नसते. कोणी तरी मूल सांभाळतो, कोणी तरी कुकर लावतो, तेव्हा दुसऱ्या कोणास ती मिळते. जगाने दार सताड उघडे ठेवले तरी उंबरठा आपल्याच घरचा असतो.

सूनबाईस पुढे आठ महिन्यांनी त्या मंडळातील ओळखीवरून एका लहान संस्थेत काम मिळाले. पगार पूर्वीहून कमी आहे, वेळ अर्ध्या दिवसाची आहे. मुलाखतीत त्या पाच वर्षांबद्दल तिला कोणी विचारले नाही. शब्दरूपावलीबद्दल मात्र पुष्कळ विचारले. महिन्याचे दोन शनिवार ती अजून सोडीत नाही. हल्ली ती तेथे नव्याने आलेल्या मुलींस कोष्टके कशी करावी हे दाखविते.

एकत्र कुटुंब ही संस्था मोडकळीस आली असे आपण नेहमी ऐकतो. तिचे समर्थन भाषणांनी होणार नाही. ज्या घरात चार हात जास्त आहेत, त्या घराने महिन्यातून दोन दुपारी एका सुनेच्या किंवा मुलीच्या विद्येस मोजून दिल्या, तर त्या संस्थेचा उपयोग कोणासही समजावून द्यावा लागणार नाही. बाळाचे दूध चार वाजता असते, हे आमच्या थोरल्या वहिनींस आता पाठ झाले आहे.