सगळ्यांना जमेल असा दिवस

शुक्रवारची संध्याकाळ झाली की बोरघाट मुंबईच्या गाड्यांनी भरू लागतो. खोपोली सोडलेल्या गाड्या खंडाळ्याच्या चढावर एकमेकींना टेकून उभ्या राहतात आणि लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानांतले दिवे रात्री उशिरापर्यंत विझत नाहीत. मावळातल्या माणसाला लहानपणीच कळतं, की सुटी ही आपल्याकडे येणाऱ्यांची असते. पाऊस धरला की लोक भुशी धरणाच्या पायऱ्यांवरच्या पाण्यात बसायला येतात. त्याच दिवसांत आम्ही पोटरीभर चिखलात वाकून भाताची लावणी करत असतो. लोहगडाच्या वाटेवर, पवनेच्या काठच्या तंबूंत कुणीतरी हसत-खिदळत असतं आणि त्यांच्यासाठी चहा उकळणारा, गाडी लावून देणारा, बंगल्याची किल्ली घेऊन उभा राहणारा माणूस आमच्यातला असतो. याचा सल नाही, पोट त्यावरच भरतं. पण म्हणूनच आमच्या घरानं जेव्हा ठरवलं, की एक अख्खा दिवस सगळ्यांनी मिळून नुसती मौज करायला जायचं, तेव्हा ते ठरवणंच फार मोठं वाटलं.

जायचं होतं घाटाखाली. खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ साली इमॅजिका हे मनोरंजन उद्यान सुरू झालं. तेव्हापासून घरातल्या पोरांनी त्याचं नाव घेतलं नाही असा उन्हाळा गेला नसेल. आधीच्या पिढीला अशी आठवण एस्सेलवर्ल्डची होती. १९८९ साली गोराईला ते उघडलं आणि मावळातल्या शाळांच्या सहली आगगाडीनं मुंबई आणि पुढे बोटीनं खाडी असा प्रवास करून तिथे जाऊ लागल्या. पण सहल शाळेची असते, काळजी गुरुजींची. सगळं घर न्यायचं म्हणजे दोन चुलत्यांचा परिवार, लेकी, जावई, नातवंडं, आत्या. वीस-बावीस माणसं.

आधी दिवस हवा. दादाचा कारखाना चाकणला, त्याची साप्ताहिक सुटी गुरुवारी. चुलतभाऊ लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात, त्याला शनिवार-रविवारी मान वर करायला सवड नसते. चुलतबहीण गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये कामाला जाते. जानेवारीपासून व्हॅलेंटाइन डेची फुलं परदेशी रवाना होईपर्यंत तिची रजा हा विषयच निघत नाही. तात्यांचं सगळं वर्ष भातानं बांधलेलं. उन्हाळ्यात राब भाजायचा, मृगाच्या तोंडावर पेरा, आषाढात लावणी. दिवाळीची सुटी लागते तेव्हा नेमका इंद्रायणी तांदूळ खाचरात पिकून उभा असतो, आणि कापणी-झोडणी सोडून शेतकऱ्यानं पाळण्यात बसायला जायचं हे तात्यांना कुणी सुचवणारही नाही. चैत्रात गावची जत्रा, एकवीरेला जाणं. वैशाखात लग्नसराई, आणि एखाद्या तिथीवर घरातलंच कुणी पत्रिका घेऊन आलेलं. उरला मे महिन्यातला एखादा गुरुवार. तर गुरुवारी आत्याचा उपवास.

हे सगळं वहिनींच्या वहीत होतं. पोराची गणिताची अर्धी कोरी राहिलेली वही त्यांनी घेतली होती. डाव्या पानावर माणसं, उजव्या पानावर खर्च. टेम्पो ट्रॅव्हलरचं भाडं, टोल, माणशी तिकीट, आत खाण्याचे पैसे, वरखर्च. खर्चाचं पान मी पाहिलं तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही, आकडे कुणीही मांडू शकतो. पण डावं पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. प्रत्येकाच्या नावापुढे त्या माणसाचं शरीर आणि स्वभाव लिहिलेला होता. तात्यांची बीपीची गोळी सकाळी नाश्त्यानंतर. आईचा डावा गुडघा, जिना नको. धाकट्या जाऊबाईला घाट उतरताना गाडी लागते, पुढची खिडकी. कुणाच्या नावापुढे नुसती एक फुली; ती कशाची ते मी विचारलं नाही, पण महिन्यातल्या कुठल्या दिवसांत त्या पोरीला पाण्यात उतरायची पंचाईत होईल, हे तिच्या आईच्याही आधी वहिनींनी धरलेलं होतं. जावयांपैकी एकांना कमी बोलायची सवय, त्यांना पोरांच्या गटात टाकायचं म्हणजे ते मोकळे होतात. आणि सगळ्या मुलांच्या नावापुढे उंची, स्वयंपाकघराच्या चौकटीला उभं करून मोजलेली.

घरातली माणसं याला तयारी म्हणतात. हे म्हणताना आवाज हलका होतो, जणू पिशव्या भरायच्या आहेत. मला त्या दिवसांत दिसलं ते असं, की वीस-बावीस माणसांची दुखणी, आवडी, रुसवे आणि अपमान एक बाई रात्रंदिवस डोक्यात घेऊन फिरत होती. चुलीपाशी, बसथांब्यावर, झोपेतसुद्धा. दादा म्हणायचा, “एवढा काय विचार करायचा? गेल्यावर बघू.” गेल्यावर बघू असं तोच म्हणू शकतो ज्याच्यासाठी कुणीतरी आधी बघून ठेवलेलं असतं. वहिनी काही बोलत नसत. त्यांची भीती एकच होती, आणि ती त्यांनी एकदाच बोलून दाखवली: “भाऊजी, संध्याकाळी परत येताना एक जरी माणूस गप्प बसलं ना, तर मला वाटेल सगळं वाया गेलं.”

तात्यांचा सुरुवातीला विरोध होता. एवढे पैसे घालून तिथल्या पाण्याच्या खेळांत कशाला जायचं, आपल्याकडे पाणी काय कमी आहे, असं त्यांचं म्हणणं. खरंच आहे. कुरवंड्याला इंद्रायणी उगम पावते, पवना आमच्या शेजारच्या खोऱ्यात, पावसाळ्यात तर प्रत्येक कड्यावरून धार. पण पाण्याशेजारी राहणाऱ्यांना पाण्याची जी भीती असते, ती बाहेरून येणाऱ्याला नसते. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या ओहोळात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. आधी घोटाभर असलेलं पाणी बघता बघता वाढलं आणि मोठी माणसं लेकरांना धरून प्रवाहाच्या मध्यात उभी राहिली, काठावरच्या लोकांना हात पोचवता येईना. पुढच्याच वर्षी १५ जूनला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीनिशी कोसळला, चार जण गेले. दोन्ही वेळी रविवार होता. दोन्ही वेळी लोक घरच्यांना घेऊन, डबे घेऊन, आनंदानं निघालेले होते. त्यांनीही कुणाच्या तरी सवडीनं तो रविवार ठरवला असेल, कुणीतरी पोरांचे जादा कपडे पिशवीत टाकले असतील. हे मनात आलं की माझा घास अडतो. कुंडमळ्याच्या बातमीनंतर पुष्कळ दिवस तात्या नदीकडे जाताना पोरांना बरोबर घेत नसत. वहिनींनी त्यांना एवढंच सांगितलं, की तिथल्या पाण्याला राखण असते, शिट्टी घेऊन माणूस उभा असतो. मग तात्यांनी पैशांबद्दल पुन्हा शब्द काढला नाही.

अशा उद्यानांच्या मुळाशी एक गोष्ट सांगतात: लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये वॉल्ट डिस्ने शनिवारी आपल्या दोन मुलींना घेऊन जात. मुली चक्रीपाळण्यावर फिरत आणि ते बाकावर बसून राहत. आईबापांना आणि मुलांना मिळून मौज करता येईल अशी एखादी जागा असायला हवी, हे तिथेच त्यांच्या मनात आलं, असं ते सांगत. १७ जुलै १९५५ ला ॲनाहाइममध्ये डिस्नेलँड उघडलं. पहिल्या दिवशी बनावट तिकिटं घेऊन माणसं घुसली, उन्हानं नवं डांबर मऊ झालं आणि बायकांच्या टाचा त्यात रुतल्या. पुढे जगभर अशी उद्यानं झाली. मला त्यातल्या बाकाचं महत्त्व वाटतं. एवढा मोठा विचार बाजूला बसाव्या लागलेल्या एका बापाला सुचला. आणि इतक्या वर्षांनंतरही प्रत्येक उद्यानात बाक आहेतच, त्यांवर कुणीतरी चपला आणि पिशव्या सांभाळत बसलेलं आहे. वहिनींची सगळी वही त्या बाकाविरुद्ध लिहिलेली होती. कुणी बसायचंच असेल तर एकट्यानं बसायचं नाही आणि फार वेळ बसायचं नाही, यासाठी त्यांनी जोड्या लावल्या होत्या, आळीपाळी ठरवली होती.

आमच्या घरात एक वाक्य नेहमी ऐकू येतं, की पूर्वी हे काही नव्हतं, जत्रा होती, ना तिकीट ना ठरवाठरवी. मीही जत्रेवर जीव टाकलेला माणूस आहे. पंचांगानं तिथी दिलेली असे, लेकी आपोआप माहेरी येत, पहाटे देवाला अभिषेक, मग शर्यतीच्या घाटात बैलगाडे, दुपारी कुस्त्या, रात्री छबिना आणि तमाशा. मधे बैलगाड्यांवर बंदी आली तेव्हा गावाच्या वर्षातून काहीतरी काढून नेल्यासारखं झालं होतं. २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींचा कायदा कायम ठेवला, तेव्हा म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आकाशपाळण्यात कुणी कुणाची उंची मोजत नसे. आजोबा नातवाला मांडीवर घेऊन वर जात. पण माझ्या आईला मी विचारलं, की तू जत्रेत पाळण्यात कधी बसलीस. ती आठवत राहिली. मग म्हणाली, “पाव्हणं यायची ना. पुरणाचा घाणा संपेपर्यंत अंधार पडायचा. तमाशाची ढोलकी ऐकू यायची मागच्या दारात.” म्हणजे जत्रेतही ठरवाठरवी होती. ती पुरणाच्या पाट्यापाशी होत होती आणि ती करणाऱ्या बायका मैदानापर्यंत पोचत नव्हत्या. आईनं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मला मात्र त्यानंतर जत्रेची गोडी गाताना जपून बोलावंसं वाटतं.

तर आम्ही गेलो. पहाटे अंधारात निघालो, गाडीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, कारण बाहेरचं खाणं दारातून आत नेता येत नाही. आत्यासाठी राजगिऱ्याचे लाडू. घाट उतरताना हवा जड होत गेली. खोपोली आमच्या गावाहून पाचशेक मीटर खाली, मे महिन्यात तिथला घाम अंगावरून सुकत नाही. टोप्या, ओआरएसची पाकिटं, पाण्यात चालणारे नायलॉनचे कपडे, सगळं कुठल्या पिशवीत आहे ते वहिनींना न बघता सांगता येत होतं.

आणि तरीही घडलं तेच, ज्याला वही पुरत नाही. मोठ्या रोलर कोस्टरपाशी, निट्रोपाशी, पोरांना उंचीच्या पट्टीला उभं केलं. दोन चुलतभावंडं एकाच वर्षीची, एका ताटात जेवणारी, एका वर्गात बसणारी. एक आत गेला. दुसऱ्याचं डोकं रेघेला लागलं नाही. नियम बरोबरच आहे, त्या वेगात लहान अंग सुरक्षापट्ट्यांत नीट धरलं जात नाही. पण तो पोरगा जिथे उभा होता तिथेच उभा राहिला, रडला नाही, आणि त्याच्या आईनं तोंड फिरवलं. एकत्र कुटुंबात आम्ही सगळ्यांना सारखं वाढतो, कपडे एका ताग्यातले घेतो, आंब्याच्या फोडी मोजून देतो, ते याच क्षणाला घाबरून. वहिनींनी त्याला जवळ घेतलं नाही, समजूतही घातली नाही. त्याला म्हणाल्या, “चल, राजासॉरस बघायचाय ना तुला?” त्याच्या नावापुढे त्यांनी ते आधीच लिहून ठेवलेलं होतं. घरी चौकटीपाशी उंची मोजली तेव्हाच त्यांना कळलं होतं की याला अडवतील.

राजासॉरस हा डायनासोर म्हणजे पोराचा आवडीचा विषय. गुजरातेत बालासिनोरजवळ राहिओलीला त्याची हाडं सापडली आणि २००३ साली त्याला ते राजाचं नाव मिळालं, हे तो जेवतानाही सांगतो. त्याच्या नावाची पाण्यातली राइड संपवून ओलाचिंब पोरगा बाहेर आला तेव्हा निट्रोतून उतरलेला त्याचा भाऊ धावत त्याच्याकडे गेला आणि पहिल्यांदा त्यानंच विचारलं, “कसा होता रे?”

दुपारी तात्या सावलीत आडवे झाले. कमी बोलणारे जावई पोरांबरोबर तिसऱ्यांदा रांगेत उभे होते. आई बाकावर बसलीच, पण शेजारी कायम कुणीतरी होतं, आणि संध्याकाळच्या मिरवणुकीला ती सगळ्यांत पुढे उभी राहिली, गुडघा विसरून. वहिनी कुठल्या राइडमध्ये बसल्या ते मी संध्याकाळी विचारलं. एकाही नाही. आळीपाळीच्या पानावर त्यांनी स्वतःचं नाव कुठेच टाकलेलं नव्हतं, आणि आम्हा वीस-बावीस जणांपैकी कुणी ते पान त्या दृष्टीनं वाचलं नव्हतं. मीही नाही, ज्यानं ते पुन्हा पुन्हा वाचलं होतं.

परतीच्या घाटात गाडीत कुणी गप्प नव्हतं. खंडाळ्याच्या आधी गाड्या थबकल्या तसा पोरांनी हिशेब काढला, कुणी काय पाहिलं, कुणाचं काय राहिलं. आय फॉर इंडिया या राइडमध्ये बसलं की पायाखालून सगळा देश जातो, डोंगर, देवळं, समुद्र, असं पोरं सांगत होती. आत्या ऐकत होती. उपवासामुळे आणि भीतीमुळे ती कशातच बसली नव्हती.

“वहिनी,” ती म्हणाली, “मला ते विमानासारखं दाखवशील का गं पुढल्या खेपेला?”

“दाखवते की, आत्याबाई.” वहिनींनी पिशवीतून वही काढली. मी ती हातातून घेतली, पेन मागितलं आणि आत्याच्या नावापुढे लिहिलं: डॉक्टरांना विचारणे, गुरुवार नको. तिच्या शेजारी बसायला वहिनींचं नाव घातलं. खाली जागा होती तिथे वीस-बावीस जणांच्या यादीतली पोरं दादाकडे दिली, औषधं माझ्याकडे घेतली, आणि दादाला ते मोठ्यानं वाचून दाखवलं.