जुन्या खेळांत नव्या मोटारी

नाताळच्या सुटींत आम्ही साताऱ्याहून सांगलीस भगिनीकडे गेलों होतों. तेथें भाच्यानें संगणकावरील ‘ग्रां प्री लेजंड्स’ हा १९९८ सालचा खेळ दाखविला. त्यांत १९६७ सालच्या शर्यती आहेत. ३ लिटर इंजिनाच्या त्या मोटारी किंचित् जोर देतांच घसरतात. भाच्यास १९६५ च्या दीड लिटरच्या मोटारी हव्या होत्या. हौशी मंडळींनीं त्या मागाहून रचिल्या आहेत.

परंतु आमच्या दिवंगत मेहुण्यांच्या फेऱ्यांचे वेळ त्याच खेळांत नोंदलेले! म्हणून आम्ही आधीं सबंध खेळाची नक्कल निराळी ठेवविली, मगच नव्या फाइली आंत घालूं दिल्या. खेळ उघडेना, फाइली भलत्याच फोल्डरांत गेल्या होत्या. त्या जागीं लावितांच मोंझाच्या मार्गावर हिरवी लोटस उभी राहिली.

भाच्यानें मोटार हांकिली नाहीं. त्यानें प्रथम वडिलांची नोंद उघडली. ती होती.